कोपरा न फाडलेलं कार्ड

माय, रविवार आला की मी यादी करतो. तुझी नात सध्या ओडिशाच्या डोंगरात आहे, वर्षभराच्या सेवेला. ज्या आश्रमाच्या प्रचाराला एकेकाळी मी गेलो होतो, त्याच आश्रमातर्फे ती गेली आहे. तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता एकविसाची आहे आणि माझ्यापेक्षा बरं बोलते. तिथं मोबाइल जमा करून घेतात आणि रविवारी दुपारी पंधरा मिनिटांसाठी हातात देतात. पंधरा मिनिटांत घरचं सगळं सांगायचं तर विसरायला होतं, म्हणून मी शनिवारीच कागद घेऊन बसतो. वांग्याचं रोप लावलं. आत्याचा गुडघा बरा आहे. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी अजून सुटलं नाही. कागदाच्या वर मधोमध आधी 'श्री' लिहितो आणि मग खाली वांगी. बायको हसते, म्हणते, वांग्यालाही श्री लागते का. मी म्हणतो, आमच्या घरची रीत आहे. ती रीत तुझी, हे तिलाही ठाऊक आहे.

तू चौथी पास. आपल्या आळीत तेवढं शिकलेली बाई दुसरी नव्हती, म्हणून सगळ्यांची कार्डं तुझ्याकडे यायची. पोट पुढे आलेली लेक माहेरी कधी येणार, मंडईच्या जत्रेला जावयाला बोलवायचं आहे, म्हैस विकली, असलं सगळं तुझ्या हातून पंचक्रोशीत गेलं. तू चुलीजवळ पाट घ्यायचीस, मांडीवर पंचांग ठेवून त्यावर कार्ड, आणि पहिल्यांदा श्री. किराण्याच्या चिठ्ठीवर श्री, बियाण्याच्या मडक्यावर चुन्यानं श्री. बाबा म्हणायचे, "हिच्या हाती खडू देला तर बैलाच्या पाठीवरबी श्री काढंल." मयताचं कार्ड लिहायचं असलं की मात्र तू घरात लिहीत नव्हतीस. बाहेर ओट्यावर बसायचीस, लिहून झालं की कार्डाचा एक कोपरा फाडायचीस आणि हात धुऊन मगच आत यायचीस. कोपरा फाटलेलं कार्ड कोणी घरात नेत नाही, दारातच वाचतात आणि वाचून फाडून टाकतात, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. एकदा, मी आठ वर्षांचा असेन, शेजारच्या म्हातारीचं कार्ड लिहायला तू बसलीस आणि पाणी प्यायला उठलीस, तेवढ्यात मी मदत म्हणून वर छानपैकी श्री काढून ठेवली. तू परत आलीस आणि माझ्या हातावर चापट दिलीस. "मयताच्या कार्डावर श्री नाई लिवत, पोट्ट्या. वर कोरं ठेवाचं असते." ते कार्ड वाया गेलं आणि मी संध्याकाळपर्यंत रुसलो होतो. तू रात्री तव्यावर तांदळाच्या गरम आयत्या केल्यास आणि पहिली माझ्या ताटात टाकलीस, म्हणजे तुझ्या बाजूनं भांडण मिटलं.

मी ओडिशात सेवेला जातो म्हणालो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. गोंदियाला शिकायला असताना आश्रमाच्या सत्संगाला जाऊ लागलो आणि दोन वर्षांत मला असं वाटायला लागलं की सत्य काय ते मला सापडलं आहे आणि आपल्या गावाला ते अजून सापडायचं आहे. बाबा कालव्यावर चौकीदार. चोरखमाऱ्याचं पाणी सुटलं की कोणाच्या धानाच्या बांधीला आधी आणि कोणाच्या नंतर, हे त्यांनी आयुष्यभर फावडं हातात घेऊन पाहिलं आणि शिव्या खाल्ल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिकडचे लोक तुले बलावून रायले का?" मी म्हणालो, बोलावत नाहीत, पण त्यांना गरज आहे. बाबा म्हणाले, "हौ बापा. शिकलेल्याले समजत असंल." यात टोमणा होता हे मला फार उशिरा कळलं.  निघायच्या दिवशी तू मला कापडात बांधलेलं एक पुडकं दिलंस. मी समजलो, लाडू असतील. गाडीत उघडून पाहिलं तर कोरी पोस्टकार्डं होती, चांगला जाड गठ्ठा, आणि प्रत्येकावर पत्त्याच्या जागी आपल्या घरचा पत्ता तुझ्या अक्षरात आधीच लिहिलेला. मला फक्त मागची बाजू लिहायची होती. किती दिवस बसली असशील ते लिहीत. गाडी निघून दुर्ग यायच्या आत मी ते पुडकं पिशवीच्या तळाशी घातलं, कारण सोबतचे प्रचारक बंधू पाहत होते आणि मला आईचं लाडकं लेकरू दिसायचं नव्हतं.

त्या कार्डांवर मी तुला काय लिहिलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. तू लिहायचीस, धानाचे पऱ्हे टाकले, बाबांच्या पायात काटा गेला होता तो निघाला, लाल गाय गाभण आहे, तुझी बहीण तुझी आठवण करते, तू पोटभर जेवतोस का. आणि मी त्याच्या उत्तरात आत्मा आणि देह यांच्यावर कार्डभर लिहायचो. मोह कमी करा. संसाराच्या वार्ता लिहिण्यापेक्षा दोन ओळी देवाच्या लिहीत जा. त्यानंतर तुझं जे कार्ड आलं त्यात पहिलीच ओळ होती, "देव बरा आहे. गायही बरी आहे." मी ते कार्ड आमच्या केंद्रप्रमुखांना हिंदी करून सांगितलं आणि आम्ही दोघे तुझ्या भोळेपणाला हसलो. माय, तू भोळी नव्हतीस. मला आता खात्री आहे की ते लिहिताना तू आणि बाबाही हसला असाल, आणि तुमचं हसणं आमच्या हसण्यापेक्षा शहाणं होतं.

दुसऱ्या वर्षी मामा गेला. तुझा एकुलता भाऊ. तू रीतीप्रमाणे कोपरा फाडून कार्ड पाठवलंस. आमच्या केंद्रावर घरची टपालं रविवारी प्रार्थनेनंतर वाटायचे, पण कोपरा फाटलेलं कार्ड आलं तर ते ज्याचं त्याला जिथं असेल तिथं लगेच पोचवायचे. केंद्रप्रमुख ओडिया होते, वयानं मोठे, माणूस म्हणून फार चांगले. त्या दिवशी मी डोंगरापलीकडच्या पाड्यावर होतो. ते स्वतः चार कोस चालत आले आणि सगळ्यांसमोर कार्ड माझ्या हातात दिलं. मी तेव्हा नेमका तिथल्या बायकांना समजावत होतो की बकरं कापू नका, नजर उतरवू नका, मरणाला भिऊ नका. आणि माझ्याच हातात माझ्याच घरून आलेलं कोपरा फाडलेलं कार्ड. सोबतचा एक बंधू हळूच म्हणाला, "आपके घर में भी चलता है ये सब?" मामाचं दुःख व्हायच्या आधी मला लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी तुला लिहिलं, तुझ्या अक्षरातल्या पत्त्यामागे, की मी इथं लोकांच्या अंधश्रद्धा काढतो आणि तू मला तोंडघशी पाडतेस. यापुढे कोणाचंही काही झालं तरी मला कोपरा फाडलेलं कार्ड पाठवायचं नाही. लिहायचंच असेल तर माणसासारखं साधं कार्ड लिही. मामाबद्दल त्यात एक ओळ होती, शेवटची, तीही आत्मा अमर असतो अशी. भाऊ गेलेल्या बाईला तिच्या मुलानं पाठवलेलं सांत्वन ते. त्यावर तुझं उत्तर आलं नाही. महिन्याभरानं नेहमीसारखं कार्ड आलं, धान निसवलं, बाबा बरे आहेत, तू जेवतोस का.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मी एक व्रत घेतलं. कोणी घ्यायला लावलं नव्हतं. इतर बंधू एक वेळ जेवायचे, कोणी मौन धरायचे. मला त्यांच्याहून काहीतरी जास्त करून दाखवायचं होतं, म्हणून मी जाहीर केलं की श्रावणभर घरचं एकही पत्र वाचणार नाही, पोळ्याच्या अवसेला सोडीन. केंद्रप्रमुख म्हणाले, "इससे भगवान को क्या मिलेगा?" मी म्हणालो, मोह तुटेल. नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना तुझं कार्ड आलं. त्यांनी रविवारची वाट न पाहता आणून दिलं, कारण माझं तोंड त्या दिवसांत उतरलेलं असायचं आणि त्यांना वाटलं, घरचं अक्षर पाहून बरं वाटेल. "पढ़ लो भाई. व्रत मैं अपने सिर लेता हूँ," असं म्हणाले. त्यांना मराठी येत नव्हतं आणि दुसऱ्याचं कार्ड वाचायची त्यांची सवयही नव्हती. कोपरा शाबूत होता, चारही कोपरे. कार्ड उघडंच असतं, नजर पडू नये म्हणून मी ते हातात घेताच पालथं केलं आणि ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. राखीपौर्णिमा आली. बहिणीचं पाकीट दरवर्षी आठ दिवस आधी यायचं, ते आलं नाही. मी ते मनावर घेतलं नाही, किंवा घेतलं आणि टपालाला नावं ठेवून मोकळा झालो. एकोणीस दिवस ते कार्ड माझ्या सदऱ्यांखाली होतं आणि मी सकाळ-संध्याकाळ ट्रंक उघडून सदरे काढत होतो.

पोळ्याच्या संध्याकाळी मी ते सगळ्यांसमोर काढलं. व्रत सोडायचं तर चार माणसं पाहायला हवी होती ना. आज मला ते कार्ड तोंडपाठ आहे. "चि. बाळास. बाबा गेले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. रोवणा झाला होता. कालव्याच्या पाटावर बसले ते उठले नाही. तू म्हटल्याप्रमाणे कोपरा फाडला नाही. तार करणार होतो पण तुमच्याकडे तारही टपालानेच येते म्हणतात. तुझी वाट पाहून राहिलो. अस्थी ठेवल्या आहेत. लाल गाय व्याली, कालवड आहे." अक्षरं शेवटी शेवटी बारीक झाली होती, जागा संपत आली म्हणून. तरीही तू गाय लिहिलीस. पोराला दुःखाच्या वार्ता आवडत नाहीत, तर शेवटी काहीतरी बरं असावं, असं तुझ्या मनात आलं असणार. मी ते उभ्याउभ्या वाचलं. केंद्रप्रमुखांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. त्यांनी स्वतः माझी पिशवी भरली.

दोन दिवसांनी मी गोंदियाला उतरलो आणि तिथून आपल्या गावाकडची बस धरली. कंडक्टरनं पुलियाशी घंटी मारली आणि म्हणाला, "भैया, वो माताजी आपकी हैं क्या? रोज इसी टाइम पे खड़ी मिलती हैं." तू पुलियाच्या कठड्याला टेकून उभी होतीस. कपाळ कोरं. मी तुला त्या कपाळानं पहिल्यांदाच पाहत होतो आणि माझी नजर तिथं ठरत नव्हती. तू रडली नाहीस, माझी पिशवी हातातून घेतलीस. चार पावलं चालल्यावर विचारलंस, "कार्ड कवा भेटलं तुले?" माय, मी गाडीत दोन दिवस याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. खरं सांगायचं असं ठरवूनही उतरलो होतो. पण तू विचारलंस आणि मी म्हणालो, "परवा." तू थांबलीस. बोटांवर दिवस मोजलेस. मग म्हणालीस, "कोपरा नाई फाडला ना मीनं, म्हून कोणी घाईनं देल्लं नसंल. बाकीच्या टपालात पडून रायलं असंल." मी म्हणालो, "हो." तेवढंच. एक अक्षर. तू म्हणालीस, "चूक मायीच झाली." आणि मी तुझ्या मागेमागे घरी आलो.

घरामागच्या कडुलिंबाच्या फांदीला लाल कापडातलं गाडगं टांगलेलं होतं. दहावं झालं, तेरवी झाली, अग्नी चुलतभावानं दिला होता आणि केसही त्यानंच काढले होते, पण अस्थींना तू कोणाला हात लावू दिला नाहीस. गावातली मोठी माणसं येऊन सांगून गेली की असं महिना-महिना टांगून ठेवत नाहीत, घराला बरं नाही. तू म्हणालीस, पोट्टा येऊन रायला. रोज सांगत होतीस, येऊन रायला. बहिणीनं मला हे सगळं नंतर सांगितलं, आणि हेही सांगितलं की रोज संध्याकाळी तू त्या झाडाखाली जाऊन बाबांना सांगायचीस, आज नाही आला, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी आपण वैनगंगेवर गेलो. पाणी गढूळ आणि भरपूर होतं. मी कमरेपर्यंत आत गेलो, गाडगं सोडलं, आणि मागून तुझा आवाज आला. तू काठावर बसून नदीकडे पाहत बोलत होतीस, माझ्याशी नाही. "पाहा, आला. टपालानं उशीर केला जी. रागावू नोका त्याच्यावर." मी पाण्यात होतो म्हणून बरं झालं, तोंड ओलं का आहे हे कोणाला कळलं नाही. जिवंत माणसांना खोटं सांगितलं होतं ते तू मेलेल्या बाबांनाही पोचवलंस, माझ्या वतीनं.

गाव गप्प बसलं नाही. बापाच्या मातीला आला नाही तो कसला देवाचा माणूस, असं लोक माझ्या तोंडावर म्हणाले. आपल्या झाडीपट्टीतली माणसं पाठीमागे कमीच बोलतात. आणि प्रत्येक वेळी तू मध्ये पडलीस. "त्याले कायले बोलता? मले बोला. कोपरा मीनं नाई फाडला." पिठाच्या चक्कीवर, पाटावर, लग्नाच्या मांडवात, बारा वर्षं तू हे सांगत राहिलीस. पुढं कोणाचंही मयताचं कार्ड लिहायला बसलीस की कोपरा चांगला मोठा फाडायचीस आणि लिहून घ्यायला आलेल्या बाईला सांगायचीस, हे नीट फाडावं लागते बाई, मी एकदा चुकली. मी ओट्याशी उभा असायचो. ऐकायचो. एकदा तर पाणी आणून तुझ्या हातावर ओतलं, धुवायला.

आणि याच्याही पुढची गोष्ट आहे. अस्थींचं उरकलं तसा मी परत सेवेला गेलो, आणखी चार वर्षं राहिलो. तिथं प्रवचनात मी तुझी गोष्ट सांगायला लागलो. माझी आई चौथी शिकलेली, पण नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिनं कार्डाचा कोपरा फाडला नाही, रूढी मोडली, अशी ती गोष्ट होती. बायका डोळे पुसायच्या. तू रूढी मोडली नव्हतीस, तू मला भ्यायली होतीस. हे मला तेव्हाही कळत होतं, पण गोष्ट इतकी चांगली रंगायची की सोडवत नव्हती. पुढं सेवा सुटली, शाळेत लागलो, लग्न झालं, पण गोष्ट सुटली नाही. पोरीला झोपवताना सांगितली, शाळेत पोरांना सांगितली. ती ऐकतऐकतच पोरगी मोठी झाली आणि माझ्यासारखीच एक दिवस पिशवी भरून उभी राहिली. मी तिला कोरी कार्डं देऊ शकलो नाही, आता कोण लिहितं. चार्जर दिला.

गेल्या रविवारी मी यादीवरचं वाचत होतो, वांगी झाली होती, आत्याच्या गुडघ्यावर आलो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, परवा मी बायकांच्या सभेत आजीच्या कार्डाची गोष्ट सांगितली. सगळ्यांना खूप आवडली. पण एक म्हातारी शेवटी उठली आणि विचारलं, मग त्या बाईच्या मुलाला कार्ड मिळालं कधी? तो पोचला का? मला सांगताच आलं नाही. कधी मिळालं हो?" मी म्हणालो, आवाज नीट येत नाही, कट-कट होतंय. ती म्हणाली, मला तर स्पष्ट येतोय. मी म्हणालो, पुढच्या रविवारी बोलू. फोन ठेवला तेव्हा सहा मिनिटं उरली होती. वर्षभरासाठी दूर गेलेल्या पोरीची आठवड्याची पंधरा मिनिटं, त्यातली सहा मी टाकून दिली. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, नेटवर्क. टपालाच्या जागी नेटवर्क आलं, मी तोच राहिलो.

त्या म्हातारीचं मला राहूनराहून वाटतं. मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ती गोष्ट सांगितली आणि कोणालाही हा प्रश्न सुचला नाही. सगळ्यांनी कोपऱ्याचं कौतुक केलं. त्या डोंगरातल्या बाईला, जिच्यासारख्यांना आम्ही शिकवायला गेलो होतो, फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की पोरगा पोचला का. बाबांनी विचारलं होतं ना, ते लोक तुला बोलावतात का म्हणून. नाही, नव्हते बोलावत.

आज शनिवार आहे. यादी समोर आहे. वांगी, आत्या, कालव्याचं पाणी, आणि लाल गायीच्या त्या कालवडीच्या वंशातली जी गाय आपल्याकडे अजून आहे, ती परवा व्याली. सगळ्यात खाली मी लिहिलं आहे: एकोणीस दिवस. उद्या ते पोरीला सांगणार आहे. कार्ड वेळेवर आलं होतं, माझ्या हातात दिलं होतं, व्रत माझं होतं, आणि आजीनं जी चूक बारा वर्षं स्वतःची म्हणून मिरवली ती तिची नव्हती. पोरगी फोन ठेवेल. कदाचित पुढच्या रविवारी फोन करणार नाही. तिचा तो हक्क आहे. त्या म्हातारीलाही तिनं सांगावं, पोचला, पण सगळं झाल्यावर.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगणार नाही, तेवढं बळ माझ्यात नाही, म्हणून हा कागद घेऊन तुझ्याशी बोलत बसलो. टाकायला पेटी नाही आणि पत्ताही नाही; पत्ते तूच लिहायचीस. माय, तू माझं ऐकलंस, कोपरा फाडला नाहीस. पण बाबांच्या कार्डावर वर श्री लिहायला तुझा हात धजला नाही. जागा कोरी होती. केंद्रप्रमुखांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं आणि मी पालथं केलं, त्या मधल्या क्षणात मला ती कोरी जागा दिसली होती.